तापलेल्या पृथ्वीचा हिशेब कोणाच्या नावे?

पृथ्वीच्या तापमानवाढीचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य फार लवकर उच्चारले जाते : हे सारे मानवाने केले. शालेय निबंधात ते असते, वक्तृत्व स्पर्धेत असते, वृक्षारोपणाच्या भाषणात तर हमखास असते. इतिहासाचे विद्यार्थी या नात्याने आम्हांस हे वाक्य अपुरे वाटते. इतिहासाच्या पानांत 'मानव' नावाचा कर्ता आम्हांस कोठेही भेटलेला नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी 'मानवाने' अडवलेले नव्हते. ते कोणी अडवले, कोणासाठी अडवले आणि नगरपालिकेचा ठराव असतानाही कोणत्या बळावर अडवले, हे प्रश्न नेमकेपणाने विचारले गेले, म्हणून २० मार्च १९२७ हा दिवस इतिहासात नोंदला गेला. तापमानवाढीसंबंधी तोच नेमकेपणा बाळगावा, असे आमचे मत आहे.

प्रथम कारणांचा वाद. दुष्काळ, पूर, उन्हाळे पूर्वीही होते, मग आताच एवढा गाजावाजा कशासाठी, असा आक्षेप विद्यार्थीही घेतात आणि पालकही. आक्षेप अगदीच पोकळ नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनमध्ये दुर्गादेवीचा दुष्काळ पडला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने लक्षावधी माणसे गिळली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे मुंबई-ठाण्याकडे लोटली; या स्मरणिकेच्या वाचकांपैकी काहींच्या घरी त्या वर्षाच्या सुकडीची आठवण अजून निघत असेल. तेव्हा प्रत्येक आपत्तीवर तापमानवाढीचा शिक्का मारणे हे इतिहासाला धरून नाही. परंतु पूर्वीचे आजार वेगळ्या कारणांनी झाले म्हणून आजच्या आजाराला कारणच नाही, असे म्हणणे तर्काला धरून नाही. हे असल्याने ते होते, हे नसल्यास ते होत नाही, असा कार्यकारणभाव तथागतांनी शिकवला. तोच येथे लावून पाहावा.

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख आहे. तो कोरला गेला तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांतून हे मोजता येते. पुढे सुमारे सातशे वर्षे, यादव, बहामनी, मराठे अशा सत्ता आल्या नि गेल्या तरी, तो आकडा जवळपास तेथेच राहिला. १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ येथे नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा तो ३१५ च्या घरात होता. आज तो ४२० च्या वर आहे, म्हणजे मूळच्या दीडपट. हा वायू उष्णता धरून ठेवतो, हेही कोणा आधुनिक चळवळीने काढलेले खूळ नव्हे. युनिस फूट या बाईंनी १८५६ मध्ये तसा प्रयोग केला, आणि स्वीडनच्या आऱ्हेनियसने १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग शिरला त्याच वर्षी, कागदावर गणित मांडून दाखवले.

हा जादा वायू आला कोठून? उत्खननात सापडलेल्या कोळशाचे वय ज्या कार्बन-१४ वरून काढतात, तोच येथे साक्षीदार आहे. खाणीतला कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षांपूर्वीचे असल्याने त्यांत कार्बन-१४ शिल्लक नसतो, आणि हवेत अशा जुन्या कार्बनचा वाटा वाढताना दिसतो. सूर्य अधिक तापला म्हणून पृथ्वी तापली, असे म्हणावे तर वातावरणाचे वरचे थरही तापायला हवे होते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचे स्थितांबर थंड होत आहे. साक्ष इतकी स्पष्ट असताना 'हे निसर्गाचे चक्र आहे' असे म्हणणे, आमच्या मते, अडाणीपणाचे नव्हे तर सोयीचे लक्षण आहे.

मोरिवलीत राहणाऱ्यांची आणखी एक गल्लत होते, आणि ती समजण्याजोगी आहे. औद्योगिक वसाहतीच्या शेजारी ज्यांची रात्र उग्र वासात जाते, वालधुनीचे पाणी रंग बदलताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना प्रदूषण आणि तापमानवाढ एकच वाटते. दोन्ही अनिष्ट आहेत, पण एक नव्हेत. रसायनाचा वास नाकाला कळतो. कार्बन डायऑक्साइडला रंग नाही नि वासही नाही. वालधुनीत रसायन कोणी सोडले हे ठरवून शोधता येते. हवेतला कार्बन मात्र जगभरच्या चिमण्यांतून दोन-अडीचशे वर्षे साठत आला आहे. भेद एवढ्यासाठी सांगायचा की, एका लढ्याची मागणी दुसऱ्या लढ्यात केली तर दोन्ही फसतात. नदी स्वच्छ झाली म्हणजे उन्हाळा सौम्य होणार नाही.

आता कर्त्याचा प्रश्न. १७५० पासून जाळलेल्या इंधनातून जो कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, त्याचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. आजही तेथील माणशी वार्षिक उत्सर्जन चौदा टनांच्या आसपास आहे, आपले दोन टनांच्या. अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच हा विषमतेचा मुद्दा मांडला : भाकरीसाठी पेटलेल्या चुलीचा धूर आणि चैनीसाठी धावणाऱ्या मोटारीचा धूर एकाच तागडीत तोलता येणार नाही. १९९२ च्या रिओ परिषदेने सामायिक परंतु वेगवेगळी जबाबदारी हे तत्त्व मान्य केले. त्यानंतर क्योटो झाले, पॅरिस झाले, आणि हवेतला आकडा चढतच राहिला.

येथे थांबणे अनेकांना आवडते, कारण दोष परदेशाच्या पदरी पडतो. आम्हांस येथे थांबता येत नाही. एकूण वार्षिक उत्सर्जनात भारत आज जगात तिसरा आहे, आणि माणशी दोन टन ही सरासरी आहे. सरासरी ही फार सभ्य दिसणारी गोष्ट असते. चार वातानुकूलित खोल्यांचा बंगला आणि पत्र्याची खोली यांची बेरीज करून ती दोघांना सारखेच भागते. जातीय विषमतेचा हिशेब सरासरीने लागत नाही हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी कार्बनचा हिशेबही सरासरीवर सोडू नये.

परिणामांत तर ही विषमता उघडी पडते. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. पावसाचे दिवस न वाढताही एकेक दिवसाचा पाऊस भयंकर होतो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांच्या पाहणीनुसार, मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात उल्हास आणि वालधुनी यांनी बदलापूर-अंबरनाथपासून कल्याणपर्यंत घरे पाण्यात घातली. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. गाडीची छायाचित्रे देशाने पाहिली. त्याच पाण्यात काठच्या वस्त्यांतली दफ्तरे, शिधापत्रिका आणि जातीचे दाखले भिजले, त्यांचे छायाचित्र निघाले नाही. जातीचा दाखला पुन्हा काढायला किती हेलपाटे पडतात, हे आमच्या पालकांना सांगावे लागणार नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकर आदिवासींची वाडी. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसे ढिगाऱ्याखालीच राहिली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हती. डोंगर कोसळण्यास उतार, माती, भेगा अशी अनेक कारणे असतात, अतिवृष्टी त्यांतले एक. परंतु उताराखाली कोण राहतो, हे काही भूगर्भशास्त्र ठरवत नाही. त्याच वर्षी १६ एप्रिलला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्यासाठी उन्हात बसलेल्यांपैकी, सरकारी आकड्यानुसार, १४ जणांचा उष्माघाताने अंत झाला. पारा चाळीशीच्या आसपासच होता. कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही, म्हणून येथे चाळीस अंशही विदर्भाच्या पंचेचाळीसइतके घातक ठरू शकतात. मंडपावर छप्पर होते ते व्यासपीठापुरते.

आता आम्हांस सर्वांत अवघड वाटणारा मुद्दा. पर्यावरणाची भाषा बोलणारे अनेक सज्जन शेवटी 'खेड्याकडे चला' असा उपदेश करतात. ज्यांच्या वाडवडिलांनी गावकुसाबाहेरचे जिणे भोगले, त्यांना तो मानवणार नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणावर केलेली टीका आपण वाचलेली आहे. १९१८ च्या शेतजमिनीच्या तुकड्यांवरील निबंधातही त्यांनी शेतीवरचा भार उतरवण्याचा मार्ग औद्योगिकीकरणात पाहिला होता. अंबरनाथ, उल्हासनगर, मोरिवलीच्या कारखान्यांत आपली माणसे आली ती नुसत्या पगारासाठी नव्हे. पाळीच्या भोंग्याला जात ठाऊक नव्हती. ती मोकळीक ज्या विजेवर चालली तिचा मोठा भाग कोळशाचा होता. म्हणून कोळशाविरुद्धचा सरसकट शाप आमच्या तोंडी येत नाही.

तरीही बाबासाहेबांना कोळसा हवा होता, असे समजणे चूक ठरेल. त्यांना स्वस्त आणि भरपूर वीज हवी होती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या बहुउद्देशीय योजनांना गती दिली, केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ व जलमार्ग-सिंचन आयोग उभे केले. पूर आवरणे, शेतीला पाणी देणे आणि वीज निर्माण करणे ही त्यांच्या मते एकाच योजनेची अंगे होती. धरणांनीही पुढे आदिवासींना उठवले, हे विसरता येत नाही. पण शक्तीचे साधन बदलता येते, आणि ते शासनाने सर्वांसाठी उभारावे, ही दृष्टी तेथून घेण्यासारखी आहे. चंद्रपूरचे उदाहरण पाहावे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, तेथे धम्मदीक्षा झाली. आज त्याच जिल्ह्यातला कोळसा जळून राज्याला वीज मिळते, आणि मे महिन्यात तेथील पारा पंचेचाळीस ओलांडतो. तो भाग पूर्वीही उष्णच होता; आता मजुराला सावलीत बसण्याचा हक्क द्यावा एवढी तरी किंमत त्या विजेत धरली जावी.

या दृष्टीने काय मागावे? अहमदाबादेत मे २०१० च्या उष्णलाटेने तेराशेहून अधिक जादा मृत्यू झाले, तेव्हा त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला : आगाऊ इशारे, दवाखान्यांची तयारी, पुढे गरीब वस्त्यांच्या छपरांना पांढरा रंग. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगरच्या प्रशासनांनी वस्तीनिहाय असा आराखडा आखून अमलात आणावा आणि नाका कामगार, सफाई कामगार, बांधकाम मजूर यांच्या दुपारच्या विश्रांतीची वेळ त्यात लिहावी. नालेसफाईचा हिशेब पावसाळ्याआधी वस्तीत लावावा. काठच्या माणसाला हलवायचे तर कामाच्या ठिकाणापासून दूर फेकून नव्हे.

सौरऊर्जेचेही असेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. योजना चांगली आहे, परंतु तिला स्वतःच्या मालकीचे, संच पेलणारे छप्पर लागते. आपल्या समाजातील किती घरांना ते आहे? भाड्याच्या खोलीला नाही, पत्र्याच्या झोपडीला नाही. मात्र विहारांना, समाजमंदिरांना, वसतिगृहांना पक्की छपरे आहेत. त्यांवर वस्तीच्या नावे सामायिक संच बसावा, त्याची वीज वस्तीतल्या घरांच्या बिलांत वजा व्हावी, असा अर्ज प्रत्येक विहार समितीने महावितरणकडे करावा. माजी विद्यार्थ्यांत विद्युत अभियंते आहेत, वायरमन आहेत, नगरपालिकेत नोकरी करणारे आहेत. पुढच्या मेळाव्याआधी त्यांनी एकत्र बसून अशा अर्जाचा मसुदा तयार करावा, आणि कोणत्या विहाराचे छप्पर किती चौरस फुटांचे आहे याची यादी सोबत आणावी.