व्यापारी संघटनेचे सभासद व्हावे काय?

गोंदिया जिल्ह्यातील एखाद्या गॅरेजवाल्याला, शिंप्याला, वेल्डरला किंवा बांगड्यांच्या दुकानदाराला विचारून पाहा, की आपण आपल्या धंद्याच्या संघटनेचे सभासद आहात काय? उत्तर बहुधा ठरलेले असते. एक म्हणतो, "वर्षातून एकदा पावती फाडून जातात, पुढे त्या पैशाचे काय होते कोणास ठाऊक!" दुसरा म्हणतो, "ती मोठ्या लोकांची संघटना आहे, तिथे आपल्याला कोण विचारतो?" या दोन्ही उत्तरांत तथ्य आहे हे नाकारता येणार नाही. परंतु तेवढ्यावर विषय संपवून टाकणेही धंद्याच्या दृष्टीने परवडणारे नाही. संघटनेचे सभासदत्व हीसुद्धा एक खरेदीच आहे. आपण माल घेताना जसा भाव आणि वजन पाहतो, तसाच याचाही हिशेब मांडला पाहिजे.

आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्याची उलाढाल आजही मुख्यतः धानावर, राईस मिलवर आणि तेंदूपत्त्यावर चालते. या मोठ्या धंद्यांच्या आधाराने शेकडो छोटे धंदे उभे आहेत. मिलचे फिटर, वेल्डिंगवाले, ट्रक दुरुस्त करणारे, बारदान्याचे व्यापारी, टेलर, सुतार, फळविक्रेते. आपले पुष्कळ बांधव याच कामांत आहेत. त्यांची रोजी स्वतःच्या हुनरावर असली तरी त्यांचा पैसा मोठ्या गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आणि सरकारी कचेरीच्या कागदावर अडकलेला असतो. नेमका याच ठिकाणी एकटा माणूस कमी पडतो.

संघटनेने काय साधते याचे उदाहरण शोधण्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. शासन आधारभूत किमतीने जो धान खरेदी करते, तो पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्यामार्फत भरडाईसाठी राईस मिलकडे येतो. साध्या तांदळाच्या भरडाईसाठी केंद्राचा दर क्विंटलमागे १० रुपये. एवढ्यात वीज, मजुरी आणि वाहतूक परवडत नाही, अशी मिलवाल्यांची जुनी तक्रार आहे. भंडारा आणि गोंदिया या दोन्ही जिल्ह्यांतील मिलवाल्यांनी एकजुटीने धान उचलण्यास नकार दिला, असे एकाहून अधिक हंगामांत घडले. पुढे राज्य शासनाला आपल्या तिजोरीतून भर घालावी लागली. हाच नकार एकट्या मिलवाल्याने दिला असता तर काय झाले असते? त्याचा धान शेजारच्या मिलला गेला असता, आणि विषय तिथेच संपला असता.

आता याच चित्राची दुसरी बाजू पाहू. मिल बंद राहिली की तिची यंत्रे दुरुस्त करणारा फिटर, तिथला हमाल आणि सुटे भाग विकणारा दुकानदार हेही रिकामे बसतात. पण वाटाघाटीच्या टेबलावर त्यांचा विषय निघत नाही, कारण तिथे त्यांच्या वतीने कोणी बसलेलेच नसते. संघटना असलेल्याचा दर ठरतो आणि संघटना नसलेल्याचा दर दुसरे ठरवतात, हा बाजाराचा सरळ नियम आहे.

दुसरी गोष्ट कायद्याची. अनेक ठिकाणी कायद्याने खुर्ची ठेवली आहे ती एकट्या व्यापाऱ्यासाठी नसून संघटनेसाठी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचेच पाहा. हातगाडी कोठे लागेल, कोणती जागा विक्रीसाठी राखली जाईल, सर्वेक्षणात कोणाचे नाव येईल, या गोष्टींत नगर पथविक्रेता समितीचे मत घ्यावे लागते. या समितीत किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात आणि अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व मिळावे, असे कायदा सांगतो. याशिवाय पथविक्रेत्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या संघटनांचे प्रतिनिधी नेमण्याचीही तरतूद आहे. म्हणजे दार उघडे आहे. मात्र त्या दारातून आत जाण्यासाठी कोणीतरी संघटनेच्या वतीने उभे राहिले पाहिजे. गोरेलाल चौकातला गाडीवाला अतिक्रमण हटवल्यानंतर नगर परिषदेत एकटा गेला, तर त्याला फार तर उद्या या असे सांगितले जाते.

तीच गोष्ट अडकलेल्या पैशांची. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल अथवा सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत, आणि ती कितीही ठरवली तरी ४५ दिवसांच्या आत, पैसे दिले पाहिजेत. लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची. मुदत टळली की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. आयकर कायद्यातही दुरुस्ती झाली, आणि कर निर्धारण वर्ष २०२४-२५ पासून अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय खरेदीदाराला ती खर्चात दाखवता येत नाही. तक्रारीसाठी राज्यात सुविधा परिषदा आहेत, आणि या परिषदेवर लघुउद्योगांच्या संघटनांचा प्रतिनिधी घेण्याची तरतूद खुद्द कायद्यातच आहे.

आपल्यापैकी अनेकांना व्याज घेणे पटत नाही. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की परिषदेत पहिली पायरी समेटाची असते आणि तेथे केवळ मुद्दल घेऊन तडजोड करण्यास कोणाची आडकाठी नसते. आपली मजुरी तरी वेळेवर मिळावी, एवढाच हेतू पुरेसा आहे. मात्र या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी हवी, आणि ती व्यवहारापूर्वीच केलेली असावी. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी खुली झाली खरी, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. थकबाकीच्या तरतुदीचा लाभ त्यांना नाही. ही नोंदणी पूर्णपणे निःशुल्क आहे. तरीही तिच्यासाठी दलालाला पैसे मोजणारे कारागीर आढळतात. संघटनेने बाजारात एक साधा फलक लावला, तरी कित्येकांची वर्षभराची वर्गणी तिथेच वसूल होईल.

कायदा एवढा स्पष्ट असताना कारागीर तक्रार का करीत नाही? कारण उघड आहे. तक्रार केली की उद्याचे काम गेले. मुंडीपारच्या औद्योगिक वसाहतीत शेड बांधून देणारा वेल्डर आपल्या एकमेव मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध कागद कसा करील? तक्रार अर्जावर सही त्याचीच लागते. परंतु त्याआधी संघटनेच्या शिक्क्यानिशी एक सभ्य पत्र गेले, तर पुष्कळदा अर्जाची वेळच येत नाही. पत्र एका माणसाचे राहत नाही, साऱ्या धंद्याचे होते.

येथे कोणी विचारील, की संघटनेने मिळवलेला लाभ तर सभासद नसलेल्यालाही मिळतो, मग वर्गणी कशाला? हा प्रश्न रास्त आहे. राज्यातील महानगरपालिकांच्या स्थानिक संस्था करावरून २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी मोठे आंदोलन केले, नागपुरातही दुकाने बंद राहिली. अखेर १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांना त्या करातून मुक्ती मिळाली. ती वर्गणी भरणाऱ्यालाही मिळाली आणि न भरणाऱ्यालाही. पण मागणी काय करायची आणि तडजोड कोठे करायची, हे बैठकीत बसलेल्यांनी ठरवले. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद व लेबल लावलेल्या तांदळावर ५ टक्के जीएसटी लागला, सुटा तांदूळ त्यातून वगळला गेला. अशा निर्णयात मिलवाल्याचे हित वेगळे, किराणा दुकानदाराचे वेगळे आणि पिशव्या छापणाऱ्याचे आणखी वेगळे असते. फुकट लाभ घेणाऱ्याला दुसऱ्याने मागितलेलाच लाभ मिळतो. आपल्या गरजेची मागणी पुढे यायची असेल, तर ती मांडायला आपणच तिथे असले पाहिजे.

याचा अर्थ डोळे मिटून कोणतीही पावती घ्यावी असा नाही. काही संघटना केवळ सत्कार, फलक आणि निवडणुकीपुरत्या जिवंत असतात. काही ठिकाणी बंदची हाक मोठे व्यापारी देतात आणि चूल विझते ती रोजच्या कमाईवर जगणाऱ्याची. म्हणून पैसे देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. संघटना नोंदणीकृत आहे काय, आणि तिचे तपासलेले हिशेब सभासदांना पाहायला मिळतात काय? गेल्या वर्षी वार्षिक सभा झाली काय, आणि पदाधिकाऱ्यांची निवड सभासदांनी केली काय? गेल्या दोन वर्षांत आपल्यासारख्या छोट्या व्यावसायिकाचे एखादे काम तिने केले काय? आणि बंदसारखा निर्णय घेताना लहान दुकानदाराचे मत घेतले जाते काय? सभासदांचा पैसा ही अमानत आहे. हिशेब विचारल्यावर ज्यांच्या कपाळाला आठी पडते, त्यांच्याकडे वर्गणी न देणेच शहाणपणाचे.

आणखी एक विषय स्पष्ट बोलला पाहिजे. आपल्या समाजाची वेगळी व्यापारी संघटना असावी, असे मत अधूनमधून मांडले जाते. मुलांना हुनर शिकवणे, गरजूला बिनव्याजी मदत करणे, योजनांची माहिती देणे, या कामांसाठी अशी संस्था अवश्य असावी. पण ती बाजाराच्या संघटनेची जागा घेऊ शकत नाही. विजेचा दर, रस्ता रुंदीकरण, गाड्या लावण्याची जागा, जीएसटीची नोटीस, यांना जात-धर्म नसतो. नगर परिषदेपुढे साऱ्या बाजाराचे निवेदन जाते तेव्हा त्याचे वजन वेगळेच असते. शिवाय, एखाद्या अफवेवरून किंवा बहिष्काराच्या हाकेवरून वातावरण बिघडते, तेव्हा आपली बाजू कोण घेतो? जो शेजारी दुकानदार महिन्यातून एकदा आपल्याशेजारी बैठकीत बसलेला असतो, ज्याने आपला व्यवहार पाहिलेला असतो, तोच पुढे येऊन म्हणतो, "हा आमच्या बाजारातला माणूस आहे." ज्या बाजाराच्या बैठकीत आपण कधी बसलोच नाही, तिथे हे वाक्य कोणी आपल्यासाठी उच्चारावे अशी अपेक्षा तरी कशी करावी? बाजारापासून अलग राहण्याची किंमत वर्गणीपेक्षा फार मोठी असते.

मग कोठे जावे? नागपूरला नाग विदर्भ चेंबर ऑफ कॉमर्स आणि विदर्भ इंडस्ट्रीज असोसिएशन आहे. राज्य पातळीवर वालचंद हिराचंद यांनी १९२७ मध्ये स्थापन केलेले महाराष्ट्र चेंबर आहे. या संस्थांचे काम मोठे आहे, पण गोंदियाहून नागपूर सुमारे १३० किलोमीटर. एका बैठकीसाठी छोट्या कारागिराचा दिवस बुडतो. म्हणून आमचे मत असे, की आधी आपल्या बाजाराच्या, आपल्या धंद्याच्या स्थानिक संघटनेत जावे आणि त्या संघटनेने मिळून मोठ्या संस्थेशी संलग्न व्हावे. जिथे संघटनाच नाही, उदाहरणार्थ आमगाव, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या गॅरेजवाल्यांची, तिथे दहा-पंधरा जणांनी एकत्र बसून सुरुवात करावी. घरी शिलाई करणाऱ्या भगिनींनाही सभासद करून घ्यावे. त्यांचे काम बाजारात विकले जाते, पण त्यांचे नाव कोणत्याही यादीत नसते.

आणि शेवटची गोष्ट. वर्गणी भरून घरी बसणारा सभासद संघटनेला बळ देत नाही, फक्त पैसे देतो. सभेला जावे, हिशेब विचारावा, आपली अडचण लेखी द्यावी आणि दुसऱ्याच्या अडचणीत सोबत जावे. एक वर्ष असे करून पाहावे. वर्षअखेरीस काहीच हाती आले नाही, तर पुढची पावती नाकारण्याचा अधिकार आपलाच आहे. पण एकदाही सभेला न जाता संघटना निरुपयोगी म्हणणे, हे माल न पाहता भाव पाडण्यासारखे आहे, आणि चांगला व्यापारी तसे कधी करीत नाही.