देणगीलाही तिथी हवी

घरातले माणूस गेले की तेराव्याच्या आसपास कुटुंबात एक विषय हमखास निघतो. त्यांच्या नावाने काहीतरी करायला हवे. काय करायचे, याची उत्तरे मात्र बहुतेक ठरलेली असतात. शाळेला कपाट, देवळाला पंखा, दवाखान्याला खाट, बागेत बाक आणि त्या प्रत्येकावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी रंगवलेली ओळ. त्यामागची भावना खरी आहे आणि समाजाच्या उपयोगाचीही आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांना, वाचनालयांना आणि वसतिगृहांना अशा देणग्यांनी हात दिला आहे. तरीही या दानाची रीत बदलायला हवी, असे मला वाटते. एकदाच एखादी वस्तू देऊन मोकळे होण्यापेक्षा गेलेल्या माणसाच्या तिथीला दरवर्षी झेपेल तेवढी रक्कम द्यावी आणि ती कशावर खर्च करायची ते संस्थेला ठरवू द्यावे. स्मरण दरवर्षी करायचे असते, हे श्राद्धाने आपल्याला शिकवलेच आहे. स्मरणार्थ दानालाही तोच नियम लावला पाहिजे.

संस्था चालते कशावर, ते आधी पाहू. कपाट एकदा आले की वर्षानुवर्षे पुरते, पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईंचे वेतन, विजेचे बिल, रुग्णवाहिकेचे डिझेल, औषधे, छपराची डागडुजी, हिशेबतपासणीची फी हा खर्च कधी थांबत नाही. त्यावर कुणाचे नाव रंगवता येत नाही, म्हणून त्यासाठी देणगीदार मिळणे सर्वांत अवघड असते. पंखा देणारे भेटतात, तो फिरवणाऱ्या विजेचे पैसे देणारे भेटत नाहीत. शिवाय वस्तू आपण निवडतो, गरज संस्थेची असते. या दोहोंचा मेळ बसला नाही तर आपल्या माणसाच्या नावाची वस्तू अडगळीच्या खोलीत जाते. त्यात संस्थेचा दोष नसतो आणि देणाऱ्याच्या मनातही काही वाईट नसते. फक्त विचारायचे राहून गेलेले असते.

यावर अनेक जण कायम ठेवीचा मार्ग सुचवतात. मुद्दल शाळेकडे ठेवायचे आणि व्याजातून दरवर्षी एखाद्या विद्यार्थ्याला बक्षीस द्यायचे. कल्पना सुंदर आहे, पण महागाई तिला कुरतडत जाते. समजा, एखाद्या कुटुंबाने 36 वर्षांपूर्वी 5,000 रुपयांची ठेव ठेवली आणि तेव्हा व्याजदर 10 टक्के होता. बक्षीस झाले 500 रुपयांचे. आज व्याजदर 6 टक्के असेल तर बक्षीस 300 रुपयांवर येते. महागाई वर्षाला 6 टक्क्यांनी वाढत गेली तर किमती साधारण 12 वर्षांत दुप्पट होतात, म्हणजे 36 वर्षांत आठपट. आजच्या 300 रुपयांची किंमत तेव्हाच्या चाळीस रुपयांइतकीही उरत नाही. ज्या रकमेत पुस्तकांचा संच यायचा, तिच्यात आता एखादे पुस्तक आले तरी पुष्कळ. मुद्दलाला हात लावायचा नाही, या अटीमुळे शाळेलाही दुसरे काही करता येत नाही. दरवर्षी देणारे कुटुंब मात्र काळाप्रमाणे रक्कम वाढवू शकते.

मोठ्या दानांचा इतिहासही हेच सांगतो. महर्षी कर्वे यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला 15 लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. ते नाव आज शंभर वर्षांनंतरही लोकांच्या तोंडी आहे, कारण तिथे दरवर्षी नव्या मुली शिकायला येतात. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये ल्युकेमियाने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजी टाटा यांनी त्यांच्या स्मरणार्थ न्यास स्थापन केला आणि त्याचे उत्पन्न मुख्यतः याच रोगाच्या संशोधनाला वाहिले. यातल्या दोन गोष्टी साध्या कुटुंबालाही घेण्यासारख्या आहेत. दान त्या माणसाच्या आयुष्याशी किंवा मृत्यूशी जोडलेले आहे आणि ते वर्षानुवर्षे पोचत राहते. ज्याला वाचनाची ओढ होती त्याच्या नावाने गावच्या वाचनालयाला द्यावे. जिने घरोघरी बाळंतपणे केली तिच्या नावाने प्रसूतिगृहाला द्यावे. शेवटच्या दुखण्यात ज्या सेवेचा आधार वाटला, तीच सेवा दुसऱ्या कुणाला मिळेल असे पाहावे.

यावर पहिला आक्षेप विश्वासाचा असतो. वस्तू डोळ्यांना दिसते, रोख रकमेचे काय होईल ते कुणी पाहिले? शंका रास्त आहे. तिचे उत्तर चौकशीत आहे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, लेखापरीक्षण वेळेवर होते का, पावती मिळते का, हे विचारण्यात संकोच नको. शक्य असेल तर वर्षातून एकदा तिथे जाऊन यावे. त्यातही दरवर्षी देणाऱ्याच्या हाती एक जास्तीचे बळ असते. कपाट देणाऱ्याचा संबंध त्याच दिवशी संपतो. तिथीला देणारा पुढच्या वर्षी पुन्हा येणार असतो, काम नीट चालले नसेल तर तो थांबू शकतो.

दुसरा आक्षेप धर्माचा. श्राद्ध सोडून देणगी द्यायची का? तसे मुळीच म्हणणे नाही. अन्नदान श्राद्धाच्या अंगातच आहे. ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी विधी करावा आणि त्याच दिवशी देणगीही द्यावी. ज्यांना विधी मान्य नाही, त्यांनाही ही तिथी आपली म्हणता येईल. मात्र तेराव्याचे जेवण लोकलाजेस्तव कर्ज काढून घातले जात असेल, तर त्यातला थोडा भाग इकडे वळवणे गेलेल्या माणसाचा अपमान नव्हे. रक्कम लहान असली म्हणूनही बिघडत नाही. दरवर्षी नेमाने येणारे 500 रुपये संस्थेला हिशेबात धरता येतात.

तिसरा आक्षेप मनाला अधिक भिडणारा आहे. भिंतीवरचे नाव टिकते, आपली मुले-नातवंडे मात्र ही देणगी किती दिवस देणार? नाव राहावे ही इच्छा माणसाची आहे आणि तिच्यात कमीपणा नाही. ते नाव पावतीवर आणि संस्थेच्या वार्षिक अहवालात जरूर असावे. पण आपल्या परंपरेने स्मरणाची मर्यादा फार समजुतीने आखली आहे. श्राद्धात पिंड वडील, आजोबा आणि पणजोबा या तीन पिढ्यांना दिले जातात. नवे माणूस त्या रांगेत आले की सर्वांत जुने नाव मागे सरते आणि पूर्वजांत मिसळते. ज्याला कुणीतरी पाहिले आहे किंवा ज्याच्याविषयी घरात ऐकले आहे, त्याचीच आठवण नावानिशी जपावी, एवढेच ती सांगते. तीन पिढ्यांनी तिथीला आठवणीने द्यावे आणि पुढे ते नाव निवांत विसावू द्यावे. तोवर त्या पैशांतून शिकलेली, बरी झालेली, पोटभर जेवलेली माणसे आपापल्या वाटेने पुढे गेलेली असतील.