प्लास्टर उतरल्यानंतरचा हात

मनगटाचे हाड उत्तम सांधले, क्ष-किरण चित्रही समाधानकारक आले, तरी रुग्णाचा हात दिवसेंदिवस अधिकच दुखतो, हा अनुभव आपणांपैकी अनेकांस असेल. हात सुजलेला, कधी उष्ण तर कधी थंड, घामेजलेला. त्वचेचा वर्ण पालटलेला, बोटे आखडलेली. पदराचा स्पर्शही असह्य. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत हे विशेष आढळते. जर्मन शल्यविद झुडेक यांनी १९०० साली वर्णिलेल्या या विकारास १९९४ पासून 'कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम' म्हणतात.

अशा रुग्णाच्या हाती आपण काय ठेवतो? लाक्षादि गुग्गुळाची डबी, एखादे वातहर तेल आणि 'चांगले रगडून लावा' हा सल्ला. पुष्कळदा तर हे सारे औषधी दुकानातच उरकते. आमचा आक्षेप येथेच आहे. वेदना दिसली की वात, एवढ्यावर निदान थांबवून दाह, आरक्तता व शोथ यांकडे काणाडोळा करणे शास्त्रास धरून नाही. आणि अशा हाताचे बलपूर्वक मर्दन केल्यास वेदना भडकते. 'हात मुळीच हलवू नका' हा दुसरा सल्लाही तितकाच घातक, कारण न हलविलेला हात अधिकच आखडतो.

सुश्रुताचार्यांनी भग्नचिकित्सेत बंध सैल असेल तर सांधा स्थिर होत नाही, अति घट्ट असेल तर शोथ, वेदना व पाक होतो, असे स्पष्ट बजावले आहे. तळहाताच्या भग्नात तर प्रथम मातीचा गोळा, मग मिठाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड हाती धरावयास सांगितले आहे. परीक्षेपुरता पाठ केलेला हा श्लोक चिकित्सालयात मात्र क्वचितच आठवतो! आजच्या उपचारांचा कणाही हाच आहे: सोसवेल इतकी, क्रमाने वाढणारी हालचाल, स्पर्शाची हळूहळू सवय, आरशातील प्रतिबिंबाच्या साहाय्याने व्यायाम.

म्हणून प्लास्टर असतानाच बोटे, कोपर व खांदा हलविण्यास रुग्णास सांगावे. प्लास्टर उतरल्यावर वेदना वाढत असल्यास अस्थिरोगतज्ज्ञ व भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्याकडे विनाविलंब पाठवावे. आपली औषधे त्यांच्या जोडीने चालू शकतात, त्यांच्याऐवजी नव्हे. औषधी विक्रेत्यांनी तेलाची बाटली देण्यापूर्वी हात एकदा पाहावा. आणि प्लास्टरमधील बोटे निळी वा बधिर झाली असतील, तर काहीही न विकता रुग्णास तत्काळ रुग्णालयात धाडावे.