शल्य, उत्तर आणि मतदार

निवडणुकीची चाहूल लागली की आपल्याकडे भविष्यवेत्त्यांना ऊत येतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून देवळाच्या सभामंडपापर्यंत आणि चहाच्या हॉटेलापासून विद्वानांच्या व्यासपीठापर्यंत एकच प्रश्न चघळला जातो: या देशाचे पुढे काय होणार? उत्तरे ठरलेली असतात. एक पंथ म्हणतो, देश बुडाला. आता यातून सुटका नाही. ही निवडणूक बहुधा शेवटचीच. दुसरा पंथ म्हणतो, आमचा पक्ष तेवढा निवडून येऊ द्या, मग पाच वर्षांत सुवर्णयुग अवतरलेच म्हणून समजा. हे दोन पंथ एकमेकांचे हाडवैरी म्हणून वावरत असले, तरी थोडे बारकाईने पाहिले तर ते सख्खे भाऊ आहेत, असेच म्हणावे लागते. देशाचे भवितव्य आधीच ठरून गेले आहे आणि आपण केवळ ते पाहत बसायचे आहे, ही दोघांचीही श्रद्धा एकच!

महाभारतकारांनी या दोघांची चित्रे फार पूर्वी रेखाटून ठेवली आहेत. कर्णाचा सारथी शल्य हा रथ हाकता हाकता आपल्याच योद्ध्याचा तेजोभंग करीत राहिला. विराटपुत्र उत्तर हा अंतःपुरातील स्त्रियांपुढे एकट्याने कौरवांना जिंकण्याच्या वल्गना करून निघाला आणि प्रत्यक्ष सेना दिसताच रथातून उडी टाकून पळत सुटला. स्वतंत्र भारताच्या निवडणुकांचा इतिहास चाळला तर पानोपानी हे दोघे भेटतात. आणि पानोपानी मतदार त्या दोघांनाही खोटे पाडतो.

पहिल्याच निवडणुकीचे पाहा. १९५१ च्या ऑक्टोबरात मतदान सुरू झाले आणि ते १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चालले. मतदार १७ कोटींहून अधिक. साक्षरतेचे प्रमाण जेमतेम १८ टक्के. निरक्षरांच्या हाती मतपत्रिका देणे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत देणे, असे म्हणणारे शहाणे देशातही होते आणि परदेशातही. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांनी मतदारयाद्या तयार करविल्या, पक्षांना चिन्हे दिली आणि चिन्हांनिशी मतपेट्या मांडविल्या. अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढीच ओळख सांगून स्वतःचे नाव सांगण्यास नकार देणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे याद्यांत येऊ शकली नाहीत. हे त्या निवडणुकीचे व्यंग होते. पण ते व्यंग पुढे दूर झाले ते हताश होऊन नव्हे, किंवा आमची संस्कृती महान आहे असे म्हणूनही नव्हे. घरोघर जाऊन नावे लिहून घेणाऱ्या तलाठ्यांनी आणि शिक्षकांनी ते दूर केले.

निराशेचा खरा कळस झाला तो १९६७ साली. त्या काळच्या निराशावाद्यांची बाजू दुबळी नव्हती, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९६२ मध्ये चीनकडून पराभव, १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध, दोन वर्षांच्या आत दोन पंतप्रधानांचे निधन, लागोपाठ दोन अवर्षणे, बिहारात दुष्काळाची छाया, अमेरिकेहून येणाऱ्या गव्हावर जगणारी जनता, १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन, मद्रासमध्ये हिंदीविरोधी आगडोंब आणि मिझो टेकड्यांत बंड. लंडनच्या ‘टाइम्स’चे दिल्लीतील प्रतिनिधी नेव्हिल मॅक्सवेल यांनी हे सारे पाहिले आणि भारताच्या विघटत चाललेल्या लोकशाहीवर लेखमाला लिहून भाकीत केले, की ही चौथी सार्वत्रिक निवडणूक बहुधा शेवटची ठरेल. मॅक्सवेल यांची लक्षणांची यादी अचूक होती. चुकले ते निदान. कारण त्यांनी पुढाऱ्यांची गणती केली, सैन्याची केली, धान्याच्या कोठारांची केली; मतदाराची गणती करायची राहून गेली.

त्या मतदाराने काय केले? काँग्रेसला त्याने केंद्रात २८३ जागांवर आणून ठेवले आणि आठ राज्यांत तिचे बहुमत काढून घेतले. पक्षाध्यक्ष कामराज आपल्या विरुधुनगर गावी पडले. मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणून मिरविणारे आपले कोकणपुत्र स. का. पाटील यांना जॉर्ज फर्नांडिस नावाच्या तरुण कामगार पुढाऱ्याने धूळ चारली. एक गोळी न झाडता सत्ता हस्तांतरित झाली. दुष्काळातून देश वर आला, तोही चमत्काराने नव्हे. चि. सुब्रह्मण्यम यांनी कृषिमंत्री असताना १९६६ मध्ये १८ हजार टन मेक्सिकन गव्हाचे बियाणे आणविले होते आणि १९६८ च्या रब्बीत गव्हाचे विक्रमी पीक आले. गंमत अशी, की हे बियाणे आणविणारे सुब्रह्मण्यम १९६७ च्या निवडणुकीत स्वतः पराभूत झाले होते! देशाचे भवितव्य घडविणारी कामे निवडणुकीच्या नगाऱ्यात ऐकू येत नाहीत, ती अशी.

त्याच वर्षी आपल्या गोमंतकातही भाकितांचा सुकाळ झाला होता. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरण की संघप्रदेश, फूल की दोन पाने, या प्रश्नाने घराघरांत भिंती उभ्या राहिल्या होत्या. विलीनीकरण झाले नाही तर भाटकारशाही पुन्हा बोकांडी बसेल आणि मराठीचे देऊळ ओस पडेल, असे एक बाजू सांगत होती. विलीनीकरण झाले तर गोमंतक नकाशावरून पुसला जाईल, असे दुसरी बाजू बजावत होती. सुमारे ८२ टक्के मतदान झाले. संघप्रदेशाच्या बाजूने १ लाख ७२ हजार १९१, विलीनीकरणाच्या बाजूने १ लाख ३८ हजार १७० मते पडली. हा निकाल मराठीप्रेमी बहुजनसमाजाच्या जिव्हारी लागला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या समाजाने मतपेटीशी अबोला धरला नाही. अडीच महिन्यांच्या आत, २८ मार्च रोजी, त्याच मतदारांनी विधानसभेच्या ३० पैकी १६ जागा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या पदरात टाकल्या आणि भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्या जनतेने भाऊसाहेबांची मागणी फेटाळली, त्याच जनतेने राज्यकारभार त्यांच्याच हाती सोपविला. यात विसंगती नाही. यात विवेक आहे.

आणि भाटकारशाहीचे काय झाले? ती भाकितानुसार परतली नाही, तशी आपोआप मेलीही नाही. मुंडकारांना घराचे संरक्षण देणारा कायदा १९७५ साली आणि कुळांना जमिनीची मालकी देणारी दुरुस्ती १९७६ साली शशिकलाताई काकोडकरांच्या कारकीर्दीत झाली. त्यांच्या अंमलबजावणीची रडकथा अद्याप संपलेली नाही. पण कसणाऱ्याच्या बाजूने कायदा उभा राहिला तो या छोट्याशा विधानसभेत. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले. १९६७ च्या दोन्ही पक्षांच्या ज्योतिषांत हे फळ कोणी लिहून ठेवले होते?

निराशेचा असा पराभव झाला म्हणून आशावाद्यांनी पाठ थोपटून घेण्याचे कारण नाही. १९७१ साली ‘गरिबी हटाव’च्या घोषणेवर देश लुब्ध झाला. इंदिरा गांधींना ५१८ पैकी ३५२ जागा मिळाल्या. त्या आशेची परिणती चार वर्षांनी, २५ जून १९७५ च्या रात्री, आणीबाणीत झाली. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, १ लाखाहून अधिक माणसे विनाचौकशी तुरुंगात गेली आणि लोकसभेने स्वतःचीच मुदत वाढवून घेतली. भाबड्या आशेचे हे मोल असते: ज्याच्यावर सारी भिस्त ठेवायची, त्याला जाब विचारण्याची सवय मोडते.

१९७७ च्या जानेवारीत निवडणूक जाहीर झाली तेव्हा ही शुद्ध धूळफेक आहे, असे विरोधी पुढाऱ्यांपैकी काहींनाही वाटत होते. कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत बोलल्या होत्या, निवडणुकीच्या प्रचारात पु. ल. देशपांडे उतरले. मार्चमध्ये मतदाराने काँग्रेसला १५४ जागांवर रोखले आणि रायबरेलीत खुद्द पंतप्रधान पराभूत झाल्या. दक्षिणेने मात्र वेगळा कौल दिला. आंध्रात ४२ पैकी ४१ जागा काँग्रेसलाच मिळाल्या. म्हणजे मतदार हा एकमुखी देव नव्हे, तो आपापल्या अनुभवाने बोलतो. मग पुन्हा आशेची भरती आली, दुसरे स्वातंत्र्य मिळाले असे म्हटले गेले, आणि १९७९ च्या जुलैत जनता सरकार आपसातील भांडणांनी कोसळले. त्या सरकारचे टिकाऊ काम कोणते? १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती. लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षांवर आली. ‘अंतर्गत अशांतता’ या सैल शब्दांच्या जागी ‘सशस्त्र बंड’ हे शब्द आले. मंत्रिमंडळाच्या लेखी सल्ल्यावाचून आणीबाणी पुकारता येणार नाही, असे ठरले. विजयसभांतील भाषणे विरून गेली. हे कोरडे शब्द देशाच्या उंबरठ्यावर आजही पहारा देत आहेत.

अगदी अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर २००४ चे घ्या. ‘भारत उदय’च्या झगमगाटात सत्तारूढ भाजप १८२ वरून १३८ वर उतरला. २०२४ चे घ्या. एका बाजूने चारशे पारची गर्जना होती. दुसऱ्या बाजूने, ही शेवटची निवडणूक, असा आक्रोश होता. सुमारे ६४ कोटी मतदारांनी मतदान केले आणि भाजपला ५४३ पैकी २४० जागा देऊन मित्रपक्षांच्या आधाराने राज्य करावयास लावले. मॅक्सवेल यांचे सत्तावन्न वर्षांपूर्वीचे वाक्य नव्या तोंडांनी उच्चारले गेले आणि त्याची गत तीच झाली.

मग सारे आलबेल आहे, असे आम्हास म्हणावयाचे आहे काय? मुळीच नाही. मतदाराने आपले काम चोख केले, तरी मतपेटी उघडल्यानंतर त्याच्या कौलाचे काय होते, हा प्रश्न उरतोच. आणि तो गोमंतकाइतका उघडानागडा अन्यत्र क्वचितच दिसेल. हरियाणाच्या गयालालांनी १९६७ साली पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलून ‘आयाराम गयाराम’ हा वाक्प्रचार देशाला दिला. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतराला बांध घालण्यात आला. पण बांधाला एक मानस ठेवलेली होती: दोनतृतीयांश आमदार एकत्र गेले तर ते पक्षांतर नव्हे, विलीनीकरण! २०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार याच मानसातून भाजपमध्ये वाहून गेले. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसच्या उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्ग्यात नेऊन पक्षनिष्ठेच्या शपथा घ्यावयास लावण्यात आल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ११ पैकी ८ जण गेले. देवाला साक्षी ठेवूनही जे साधले नाही, ते कायद्याच्या कलमाने साधावे लागेल, हे आता तरी उमजावे.

विलीनीकरण हा शब्द गोमंतकीयांना नवा नाही. १९६७ साली त्या शब्दावर निर्णय देण्यासाठी प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मतदान केंद्रावर बोलाविले होते. आज विलीनीकरण होते ते मतदाराने दिलेल्या मताचे, आणि मतदाराला कोणी विचारीतही नाही. खरी चिंता करावयाची तर ही करावी. शल्य म्हणेल, सगळे चोर आहेत, मत देऊन उपयोग काय? उत्तर म्हणेल, आमचा नेता आला की हे सारे आपोआप थांबेल. पहिल्याच्या बोलण्याने चोराला रान मोकळे मिळते, दुसऱ्याच्या बोलण्याने त्याला वकील मिळतो.

गोमंतकीय मतदार या दोघांपेक्षा शहाणा आहे, हे त्याने कृतीने दाखविले आहे. २०१९ चे पक्षांतर डोळ्यांसमोर असतानाही २०२२ मध्ये सुमारे ७९ टक्के मतदारांनी मतदान केले. पण एका दिवसाच्या शहाणपणावर पाच वर्षे भागत नाहीत. उमेदवार मते मागावयास दारी येतील, तेव्हा देशाचे भवितव्य काय, असा मोघम प्रश्न त्यांना विचारू नये; त्याचे मोघम उत्तर त्यांच्या खिशात तयार असते. दहाव्या परिशिष्टातील विलीनीकरणाची पळवाट बुजविण्याच्या बाजूने तुम्ही आहात काय, असे लोकसभेच्या उमेदवाराला विचारावे. पक्ष सोडावासा वाटला तर आमदारकी सोडून पुन्हा आमच्यापुढे याल काय, असे विधानसभेच्या उमेदवाराला विचारावे. मुंडकारांचे खटले किती वर्षांत निकालात काढाल, गावच्या शेतजमिनीचे रूपांतर ग्रामसभेला न विचारता होऊ द्याल काय, हे विचारावे. दिलेले उत्तर लिहून ठेवावे आणि निवडणूक संपल्यावर ते चारचौघांत वाचून दाखवावे.

पळत सुटलेल्या उत्तराला अर्जुनाने धरून आणले ते त्याची निर्भर्त्सना करण्यासाठी नव्हे. त्याच्या हाती त्याने घोड्यांचे लगाम दिले. रथ हाकण्याचे काम मिळताच त्या पोकळ राजपुत्राचे भय गेले आणि विराटाच्या हरण केलेल्या गाई संध्याकाळी घरी परतल्या. देशाबद्दल आशा बाळगावी की निराशा, या वादाचा निकाल लावण्याची घाई नाही. लगाम मात्र हातातून सुटता कामा नयेत.