तिसऱ्या घंटेनंतर खुर्ची कुणाची?

संगीत नाटकाला सगळ्यात चांगली जागा कोणती, असं मोबाइलला विचारलं तर रंगीत नकाशे समोर येतात. हिरव्या खुर्च्या, राखाडी खुर्च्या, वर बाल्कनी. हाच प्रश्न अकोल्यात विचारला तर उत्तर मिळतं, "पास कोनाकडून भेटते ते पाह्य आधी." या उत्तराशी माझं भांडण आहे. नकाशाशीही थोडं आहे, पण ते आधी उरकून घेते.

नकाशात सगळ्यात महाग जागा सगळ्यात पुढे असते. जितकं पुढे तितकं भारी, हे आपण लग्नातल्या पंगतीपासून शिकलेलो आहोत. संगीत नाटकापुरतं तरी हे खोटं आहे. कधीकाळी खरं होतं. बालगंधर्व किंवा केशवराव भोसले ऐन भरात होते तेव्हा माईक नव्हता. गाणाऱ्याचा गळा आणि नाट्यगृहाच्या भिंती, एवढ्याच भांडवलावर आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. कोल्हापूरचं पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, या गुणासाठीच नावाजलेलं होतं. 2024 च्या ऑगस्टमध्ये ते जळालं तेव्हा नाटकवाले घरचं माणूस गेल्यासारखे का रडले, ते यावरून समजावं. अशा काळात पुढच्या जागेला जास्त पैसे मोजणं शहाणपणाचं होतं.

आता माईक आहे. गाणं तुमच्यापर्यंत येतं ते बाजूच्या मोठ्या स्पीकरमधून, आणि त्या स्पीकरचं तोंड सभागृहाच्या मध्यावर रोखलेलं असतं. पहिल्या-दुसऱ्या रांगेवरून आवाज निघून जातो. तिथे बसलेल्याला ऐकू येतो तो शेजारचा तबला. संगीत नाटकात साधारणपणे एका हाताला ऑर्गन आणि दुसऱ्या हाताला तबला असतो. पुढच्या रांगेत तबल्याच्या कोपऱ्यात बसलात तर थाप कानात आणि गाणं कुठेतरी लांब. त्यात रंगमंच तीन-चार फूट उंच, म्हणजे मान वर आणि नटाचे पाय गायब. पुढच्या जागेला जास्त पैसे मोजायचं कारण माईकने संपवलं. दर तेवढा राहिला. मानही राहिला, आणि खरा घोळ त्या मानाचाच आहे.

तर मग बसायचं कुठे? मधल्या पट्ट्यात, साधारण सहाव्या ते बाराव्या रांगेत. हे मी मनाने ठरवलेलं नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातला दुसरा अध्याय नाट्यगृह कसं बांधावं यावरच आहे. तिथे माणसांसाठी मध्यम आकाराचं नाट्यगृह सांगितलंय, 64 हात लांब आणि 32 हात रुंद. कारणही दिलंय. याहून मोठं बांधलं तर शब्द अस्पष्ट होतात, आवाज बेसूर होतो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. आता हिशोब करा. एक हात म्हणजे दीड फूट धरला तर लांबी 96 फूट. त्यातला अर्धा भाग रंगमंच आणि नेपथ्याचा. उरले 48 फूट. आजच्या सभागृहात दोन रांगांमध्ये साधारण तीन फूट अंतर असतं, आणि पहिल्या रांगेपुढे दहा-बारा फूट मोकळे. म्हणजे भरतमुनींचा शेवटचा प्रेक्षक आपल्या बाराव्या रांगेत बसतो. त्याच्या मागे बसवलेल्या प्रत्येकाला आपण शास्त्राबाहेर काढलंय, असं म्हणायला हरकत नाही.

मागे गेल्यावर आणखी एक गंमत होते. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर. पंचवीस मीटर मागे बसलात तर आवाज सेकंदाच्या साधारण चौदाव्या हिश्शाने उशिरा पोचतो. संवादात कळत नाही. गाण्यात कान तयार असेल तर कळतं, तबलजीचा हात आधी पडतो आणि थाप नंतर येते. बाल्कनीच्या खाली, अगदी आत बसलात तर आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो. बाल्कनीची स्वतःची पहिली रांग मात्र वाईट नाही, खिशाला परवडतेही. आणि एक कानमंत्र देते. साउंडवाला कुठे बसलाय ते पाहा. तो सभागृहात, प्रेक्षकांमध्ये बसला असेल तर त्याच्या पुढची खुर्ची पकडा, कारण त्याला जे गोड लागतं तेच तो सगळ्यांना वाढतो. तो विंगेत किंवा काचेच्या बंद खोलीत बसला असेल तर देवाचं नाव घ्या. न चाखता मीठ घालणारा आचारी आहे तो.

इथवर सगळं सोपं आहे. अडचण पुढे आहे. सहावी ते बारावी रांग चांगली, हे कळून तुमच्या हातात काय पडतं?

आपल्याकडे नाटक आलं की पहिल्या दोन-तीन रांगांवर पांढरं कापड पडतं आणि कागद चिकटतो, 'मान्यवरांसाठी राखीव'. एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप्प बसले असते. त्या रांगा तशाही ऐकायला वाईट आहेत, घ्या म्हटलं असतं. पण मान्यवरांचे पाहुणे, पाहुण्यांचे ड्रायव्हर आणि प्रायोजकाच्या दुकानातली मंडळी यांच्यासाठी चौथी, पाचवी, सहावी रांगही हळूहळू सरकत जाते. तिकीट काढून आलेला माणूस मागे रेटला जातो. बरं, हे मान्यवर येतात का? अर्धे येत नाहीत. उरलेले नांदी संपल्यावर येतात, मोबाइलच्या उजेडात. मग मध्येच पडदा पाडून शाल-श्रीफळ होतं. मग ते 'पुढचा कार्यक्रम आहे' म्हणून जातात. सभागृहातल्या सगळ्यात चांगल्या खुर्च्या रिकाम्या, आणि रंगमंचावरचा नट त्या काळ्या खड्ड्याकडे बघून गातोय.

मी माझ्या भाचीला असंच एका संगीत नाटकाला नेलं होतं. ती अकरावीत, तिचं पहिलं नाटक. सहाव्या रांगेतली दोन तिकिटं पाचशे-पाचशे देऊन आठ दिवस आधी घेतलेली. दारात एक बिल्लावाला भाऊ म्हणाला, "ताई, तुमी जरा मांगं बसा ना, साहेब येनार आहेत." मी तिकीट दाखवलं. त्याने हात जोडले. हात जोडणाऱ्याशी भांडता येत नाही, ही वऱ्हाडातली जुनीच पंचाईत. आम्हाला शेवटून दुसऱ्या रांगेत, दाराजवळ बसवलं. पहिला अंक होईपर्यंत आमच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या, मला तिथून दिसत होत्या. दुसऱ्या अंकात दोन पोरं येऊन बसली आणि रील बघू लागली. भाची म्हणाली, "मावशी, हे गाते कोन? आयकू तं काहीच नाही येत." मध्यंतरानंतर तीही मोबाइल बघू लागली. तिला मी काय तोंडाने रागवू?

संगीत नाटक का चालत नाही यावर दर वर्षी परिसंवाद होतात. तरुणांना रुची नाही, लक्ष टिकत नाही, रीलने डोकं बिघडवलं. तरुण तो तिथेच दाराजवळ बसलेला असतो, त्याला ऐकूच येत नसतं. 2015 मध्ये 'कट्यार काळजात घुसली'चा सिनेमा आला तेव्हा हीच तरुण मंडळी थिएटरात गेली होती आणि त्यातली पदं नंतर कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गात होती. 'संगीत देवबाभळी' तर अलीकडचं, रंगमंचावर फक्त दोन बायका, तरी तरुणांनी ते डोक्यावर घेतलं. कान शाबूत आहेत, राजेहो. त्या कानापर्यंत गाणं पोचू द्या.

आणि वऱ्हाडाला तर या बाबतीत गप्प बसायचा अधिकारच नाही. 'कट्यार' 1967 मध्ये रंगमंचावर आलं. त्यातले खाँसाहेब, वसंतराव देशपांडे, जन्माने मूर्तिजापूरचे, अकोल्यापासून आगगाडीने तासाभराच्या आत. नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. 'रणदुंदुभी' लिहिणारे वीर वामनराव जोशी अमरावतीचे, आणि ते नाटक गाजवलं मास्टर दीनानाथांच्या मंडळीने. म्हणजे हे पुण्या-मुंबईहून आपल्याला दान मिळालेलं काही नाही. यातली निम्मी शिदोरी आपल्याच घरून गेलेली आहे. आणि आपण ती खायला बसलो की ताट साहेबांसाठी राखीव.

पुढची रांग बड्यांची, ही खोड आपलीच नाही, हे मान्य. अथेन्सच्या डायोनिसस थिएटरात पहिल्या रांगेत पुजाऱ्यांसाठी संगमरवरी आसनं होती, त्यांवर नावं कोरलेली. पण ज्यांनी गाण्याचा विचार केला त्यांनी वेगळं केलं. रिचर्ड वाग्नरने जर्मनीत बायरॉइटला आपल्या संगीत नाटकांसाठी नाट्यगृह बांधलं, ते 1876 मध्ये उघडलं. दोन्ही बाजूंचे श्रीमंती कठडे, जिथे बसून लोक नाटकापेक्षा एकमेकांना बघतात, ते त्याने काढून टाकले. सगळ्या खुर्च्या पंख्यासारख्या, सगळ्यांची तोंडं रंगमंचाकडे, वाद्यवृंद नजरेआड खाली. आणि राजेरजवाड्यांची जागा? ती सभागृहाच्या पार मागच्या बाजूला. बव्हेरियाच्या राजाचे पैसे घेऊन बांधलेलं नाट्यगृह आहे हे. आपल्या आयोजकांनी एवढं धाडस नका दाखवू, पण किमान त्याची गोष्ट ऐका.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. आमच्या जुन्या शहरात भजनाला, कीर्तनाला कसे बसतात ते पाहा. सतरंजी टाकलेली असते. जो आधी आला तो पुढे. कमी ऐकू येणाऱ्या आजीला कुणीतरी हाताला धरून बुवांच्या समोर नेऊन बसवतं. उंच माणूस आपणहून खांबाला टेकतो. नगरसेवक उशिरा आला तर चपलांजवळ बसतो आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही. तीच माणसं मोर्णेचा पूल ओलांडून सभागृहात गेली की त्यांना सोफा लागतो. नदीचं पाणी तेच, मग पुलावर काय होतं कोण जाणे.

आयोजकांची बाजू मला माहीत आहे, आणि ती खोटी नाही. मुंबई इथून जवळपास सहाशे किलोमीटर. नेपथ्याचा ट्रक, कलाकारांची बस, पंचवीस-तीस माणसांचं राहणं-जेवण, वाजवणारे वेगळे. तिकिटांवर हे निघत नाही. प्रायोजक नसेल तर नाटकच येणार नाही. परवानग्यांसाठी ज्यांच्या दारात जावं लागतं त्यांना पास द्यावेच लागतात. एक आयोजक मला म्हणाले, "ताई, तुमचे पाचशे रुपये घेऊन मी नाटक आनू शकत नाही. त्याईचे पन्नास हजार घेऊन आनतो." खरंय. पण त्या पन्नास हजारांत त्यांना हवं काय असतं? बॅनरवर नाव, पेपरात फोटो, दोन मिनिटांचा माईक. ते सगळं नाटकाआधी उरकता येतं. त्यांना पहिली रांग द्या, आनंदाने द्या, फोटो तिथेच चांगला येतो. सहावी ते बारावी रांग तिकीट काढणाऱ्यांची ठेवा. तिच्यातली एकही खुर्ची पासवर जाऊ नये. आणि शेवटच्या पाच-सहा रांगांत बसणाऱ्या विद्यार्थ्यांना आधीच सांगून ठेवा की तिसरी घंटा झाली की पुढे जी खुर्ची रिकामी असेल ती तुमची.

तिसरी घंटा ही नाटकाची स्वतःची सीमारेषा आहे. तिच्यानंतर नट दिरंगाई करत नाही, पडदा थांबत नाही. प्रेक्षकानेच काय घोडं मारलंय? संगीत नाटकात तर पडदा उघडताच नांदी असते, सगळा संच एका सुरात उभा. नांदी चालू असताना रांगेतून 'एस्क्यूज मी' करत जाणारा माणूस, मग तो कुणीही असो, मागच्या दाराजवळच्या खुर्चीवर बसायला हवा. पहिला अंक संपला की यावं पुढे.

वन्स मोअरची प्रथा आठवा. पद आवडलं की प्रेक्षक ते पुन्हा मागायचे आणि गाणाऱ्याला गावं लागायचं. नाटकं पहाटेपर्यंत लांबायची. मालक, संस्थानिक, कलेक्टर, कुणाचाही हुकूम त्या क्षणी चालत नसे, ऐकणाऱ्याचा चालायचा. ती ताकद खुर्चीच्या किमतीतून आलेली नव्हती, कानातून आलेली होती. पास घेऊन आलेल्या माणसाने वन्स मोअर दिलेला मी तरी अजून ऐकलेला नाही. त्याला घाई असते.

तेव्हा पुढच्या वेळी तिकीट काढताना रांगेचं अक्षर आणि खुर्चीचा आकडा छापून मागा. 'बसा कुठंबी' असं म्हणणाऱ्या आयोजकाला आधी पैसे देऊ नका. दारात बिल्लावाले भाऊ हात जोडतील, तुम्हीही जोडा आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसा. मागची जागा मिळाली असेल तर तिसऱ्या घंटेपर्यंत थांबा, मग मैत्रिणींना घेऊन आवाज न करता पुढे या, चपलासुद्धा वाजू देऊ नका. मोबाइल बंद करा, सायलेंट नव्हे. नंतर कुणी उठवायला आलं तर एवढंच सांगा, पद चालू आहे, अंक संपला की बोलू.