ओवीपुरता ख्रिस्त

मराठीच्या वर्गात फादर थॉमस स्टीफन्स येतात आणि पाच मिनिटांत निघून जातात. येतात ते मराठीची थोरवी गाणाऱ्या ओव्या घेऊन. विद्यार्थी त्या पाठ करतात, भाषादिनाच्या फलकावर त्या रंगवल्या जातात, आणि परक्या मुलखातल्या माणसाने आपल्या भाषेचे कौतुक केले या समाधानात तास संपतो. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या 'ख्रिस्तपुराणा'तून आपण मोजक्या ओव्या उचलल्या. उरलेल्यांचे काय करायचे हे आपल्याला ठाऊक नाही, कारण त्या देवाविषयी, पापाविषयी आणि माणसाच्या उद्धाराविषयी आहेत.

आमचा आक्षेप या निवडीवर आहे. मराठी साहित्यविचाराने कॅथलिक चिंतनाकडून भाषा घेतली आणि विचार दाराबाहेर ठेवला. याला कुणी सहिष्णुता म्हणत असेल तर म्हणो. आम्ही याला आळस म्हणतो.

ज्ञानेश्वरांनीही मराठीची थोरवी गायिली आहे. पण ती शिकवताना आपण गीतेचे तत्त्वज्ञान वर्ज्य करत नाही. ज्ञानेश्वरांचा भाषाभिमान आणि त्यांचे ब्रह्मचिंतन एकाच दृष्टीतून आलेले आहे, हे आपण विद्यार्थ्यांना बजावून सांगतो. मग हाच न्याय स्टीफन्स यांना का नाही? देवाने देह धारण केला, म्हणजे एक आई, एक गाव आणि एक बोली स्वीकारली, हा कॅथलिक श्रद्धेचा गाभा आहे. ज्या देवाला मानवी देहाचा विटाळ होत नाही, त्याला कोणत्या भाषेचा होईल? स्टीफन्स यांची मराठीस्तुती या सिद्धान्ताच्या पोटातून आली आहे, असे आमचे म्हणणे आहे. कृपा ही निसर्गाला मोडून काढत नाही, त्याला पूर्णत्वाला नेते, असे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी मांडले होते. ओवी हा छंद, पुराण हा आकृतिबंध आणि 'वैकुंठ'सारखा शब्द ख्रिस्तकथेसाठी स्वीकारताना स्टीफन्स तेच तत्त्व कागदावर उतरवत होते. हे न सांगता त्या ओव्या शिकवणे म्हणजे फूल दाखवून झाड लपवणे होय.

कालक्रम पाहिला तर ही उपेक्षा अधिकच खटकते. स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले तेव्हा एकनाथ हयात होते. १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापले गेले तेव्हा, प्रचलित मतानुसार, तुकोबा बाळवयात होते. म्हणजे हा ग्रंथ एकनाथ आणि तुकाराम यांच्या मधोमध उभा आहे. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्यातून त्याची देवनागरी आवृत्ती काढली, त्यामुळे लिपीची सबबही उरलेली नाही. तरीही आपल्या वाङ्मयेतिहासात त्याची जागा 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' नावाच्या एका वेगळ्या कोनाड्यात आहे.

यावर एक गंभीर हरकत येईल आणि ती टाळण्याची आमची इच्छा नाही. स्टीफन्स ज्या साष्टीत लिहीत होते, तिथली देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा भयंकर सूड पोर्तुगीजांनी उगवला. पुढे १६८४ साली त्याच सत्तेने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. अशा तलवारीच्या छायेत लिहिलेल्या ग्रंथाचे तत्त्वज्ञान गंभीरपणे का घ्यावे, असे कुणी विचारील. आमचे उत्तर असे की, हिंसेचा इतिहास हे न वाचण्याचे कारण होऊ शकत नाही. ते अधिक कसून वाचण्याचे कारण आहे. भाषेला पवित्र मानणारा सिद्धान्त आणि भाषेवर बंदी घालणारा हुकूम एकाच धर्मसत्तेच्या आश्रयाने कसे नांदले, हा प्रश्न ज्याने तो सिद्धान्त समजून घेतला आहे त्यालाच नीट विचारता येतो. चार गोड ओव्या पाठ करणाऱ्याच्या हाती ना सिद्धान्त लागतो, ना हिंसा.

दुसरी हरकत बुद्धिवादी मंडळींची. श्रद्धा म्हणजे विचार थांबवणे, तेव्हा तिचे तत्त्वज्ञान कसले, असे ती म्हणतात. महाराष्ट्रात श्रद्धा आणि अंधश्रद्धा हा वाद रक्त सांडेपर्यंत गेलेला आहे, म्हणून या हरकतीची आम्ही थट्टा करणार नाही. पण ती इथे लागू पडत नाही. ईश्वराचे अस्तित्व मानवी बुद्धीच्या स्वाभाविक प्रकाशात जाणता येते, अशी भूमिका पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० साली अधिकृतपणे घेतली. १९९८ साली दुसऱ्या जॉन पॉल यांनी 'फिदेस एत रात्सिओ' या परिपत्रकात श्रद्धा आणि बुद्धी परस्परांवाचून दुबळ्या होतात असे प्रतिपादन केले. हा दावा खोटा असू शकतो. त्याचे खंडन करावे, ह्यूम आणि कांट यांचे दाखले द्यावेत. परंतु जो पक्ष स्वतःहून बुद्धीच्या न्यायासनासमोर उभा राहतो, त्याला 'ही तर नुसती श्रद्धा' म्हणून हाकलणे ही बुद्धिनिष्ठा नव्हे.

हे सारे आम्ही पिंपरी-चिंचवडकडे पाहून का लिहितो? कारण कॅथलिक चिंतनाचा जो भाग मराठी वाचकाच्या दाराशी उभा आहे, तो श्रमाविषयीचा आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून आजच्या चाकणच्या मोटारकारखान्यांपर्यंत या पट्ट्याने लाखो माणसांना घड्याळाला बांधले. १८९१ च्या 'रेरुम नोवारुम'मध्ये तेराव्या लिओंनी न्याय्य वेतन आणि कामगारांच्या संघटनेचा हक्क मांडला. त्याच्या नव्वदाव्या वर्षी, १९८१ साली, 'लाबोरेम एक्झर्सेन्स' आले. त्याचा गाभा सोपा आणि कठोर आहे. श्रमाची प्रतिष्ठा काय बनवले यावरून ठरत नाही, ते बनवणारी एक व्यक्ती आहे यावरून ठरते. म्हणून भांडवलापेक्षा श्रमाला अग्रक्रम आहे. हे तत्त्व घेऊन चाकणच्या एखाद्या गेटवर उभे राहावे. एकाच लाइनवर कायम, कंत्राटी आणि ट्रेनी अशा तीन जातींचे कामगार तेच काम करतात आणि तीन वेगळे पगार घेऊन घरी जातात. काम एक आणि दाम तीन, हे बनवणाऱ्या व्यक्तीकडे पाहून समजत नाही, फक्त हिशेबाच्या वहीकडे पाहून समजते.

मार्क्सवादी समीक्षक म्हणतील की चर्चने खासगी मालमत्तेचे समर्थनच केले आणि समाजवादाला विरोध केला. केला, हे खरे आहे. लिओंच्या परिपत्रकातच तो आहे. पण आपल्या समीक्षेत कामगार एक तर वर्गाचा प्रतिनिधी असतो, नाही तर व्यवस्थेचा बळी. तो देव मानतो, उपास करतो, रात्रपाळी संपवून आळंदीला जातो, हे सगळे आपण 'संस्कार' म्हणून बाजूला सारतो. २००८ साली चाकणजवळच्या शिंदे-वासुली येथे डाऊ केमिकल्सच्या नियोजित संशोधन केंद्राला ग्रामस्थांनी आणि वारकऱ्यांनी विरोध केला आणि अखेर कंपनीला तिथून पाय काढावा लागला. नदी, डोंगर आणि देव यांना वेगळे न मानणारी ही दृष्टी आणि २०१५ च्या 'लाउदातो सी'मधले सृष्टीविषयीचे चिंतन यांची तुलना हा शोधनिबंधाचा विषय आहे. तो लिहायचा तर दोन्ही बाजूंचे ईश्वरशास्त्र वाचावे लागेल.

पिंपरीनेच जानेवारी २०१६ मध्ये एकोणनव्वदावे साहित्य संमेलन भरवले, तेही हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या कंपनीची देणी भागवण्यासाठी तिची जमीन विकण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. ज्या जमिनीवर साहित्य नांदून गेले, तिच्यावर घाम गाळलेल्यांचे देणे जमीन विकून फेडायचे होते. साहित्य आणि श्रम यांचा संबंध शोधणाऱ्याला याहून जवळचा विषय कोणता हवा?

दोष एकट्या मराठी विभागांचा नाही. १८९३ साली कँडीत सुरू झालेली पेपल सेमिनरी १९५५ साली पुण्यात आली. तिच्या शेजारी ज्ञानदीप विद्यापीठात तत्त्वज्ञान आणि ईश्वरशास्त्र शिकवले जाते, पण इंग्रजीतून. ज्या परंपरेने १६१६ साली ओवी हाती घेतली, तिने पुण्यात येऊन मराठीला उपासनेची आणि प्रवचनाची भाषा म्हणून ठेवावे आणि विचाराची भाषा म्हणून नाकारावे, हा स्टीफन्स यांचा पराभव आहे. अपवाद आहेत, आणि ते मोठे आहेत. ग्यि दल्यूरी या फ्रेंच जेझुइटाने तुकोबांना फ्रेंचमध्ये नेले आणि १९६० साली डेक्कन कॉलेजातर्फे 'द कल्ट ऑफ विठोबा' हा ग्रंथ दिला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत सिद्ध केले, 'सुवार्ता' मासिक चालवले आणि वसईच्या हिरवाईसाठी लढा दिला. पण २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली तेव्हा विरोध झाला तो त्यांच्या झग्याला. त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्यांनीही बहुधा एवढेच सांगितले की ते तुकोबांवर प्रेम करतात. दिब्रिटो ख्रिस्ताविषयी काय विचार करतात हे विरोधकांना नको होते आणि समर्थकांना अडचणीचे वाटत होते. २०२४ साली ते गेले. तो विचार अजून वाचायचा राहिला आहे.

हा विचार वाचला की तो चर्चवरही उलटवता येतो. प्रत्येक माणूस ईश्वराची प्रतिमा असेल, तर ख्रिस्ती झालेल्या दलिताला चर्चच्या आतही जात का चिकटली? १९५० च्या राष्ट्रपती-आदेशाने त्याला अनुसूचित जातीच्या सवलतींबाहेर ठेवले, याविरुद्ध चर्च बोलते, ते योग्यच आहे. पण आतल्या जातीचा हिशेब कुणी मागायचा? ज्याने तो सिद्धान्त वाचलाच नाही, तो कशाच्या आधारावर मागणार?

आमची मागणी साधी आहे. 'ख्रिस्तपुराण' शिकवायचे असेल तर भाषास्तुतीबरोबर सृष्टीची उत्पत्ती, अवतार आणि दुःखभोग यांवरील ओव्याही शिकवाव्यात. श्रमाविषयीच्या परिपत्रकांचे मराठी वाचन साहित्याच्या वर्गात व्हावे, आणि ते पिंपरी-चाकणच्या महाविद्यालयांत आधी व्हावे, कारण तिथल्या बाकांवर कंत्राटी कामगारांची मुले बसतात. देव आहे की नाही याचा निकाल वर्गात लागणार नाही. तो लावण्याची घाईही नको. पण प्रश्न वर्गाबाहेर ठेवून त्याच्या ओव्या तेवढ्या आत घ्यायच्या, हा व्यवहार आता बंद व्हावा.