विश्लेषण : पाण्यात पंच नाही, मग शिडाच्या बोटींच्या शर्यतीचा निकाल कसा लागतो?
गिरगाव चौपाटीसमोर नव्हे, तर पलीकडे गेटवेच्या बाजूला, बंदरात पावसाळ्यानंतर शिडाच्या बोटींच्या शर्यती रंगतात. १९८२ च्या एशियाडमधील या खेळाच्या स्पर्धाही मुंबईतच झाल्या होत्या. सध्याची जागतिक नियमावली १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे.

सुरुवातीला पाच मिनिटे उरली की पहिला झेंडा चढतो, चार उरली की दुसरा. एक मिनिट उरले की दुसरा उतरतो. भोंगा फक्त लक्ष वेधण्यासाठी. वेळ मोजायची ती झेंड्यावरून.

वारा डाव्या बाजूने घेणाऱ्या बोटीने उजवीकडून घेणारीला वाट द्यायची. चुकल्यास स्वतःच दोन गिरक्या घ्यायच्या. बोयाला धक्का लागला तर एक. चूक कबूल नसेल, तर समोरचा ‘प्रोटेस्ट’ ओरडतो आणि सुनावणी किनाऱ्यावर होते. खरी भांडणे तिथलीच!

मालिकेत पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला २. कमी गुणांचा विजेता. एक वाईट निकाल सहसा वगळतात.

मात्र बंदराच्या चिंचोळ्या जहाजमार्गात मालवाहू जहाजाला अडवता येत नाही, बोट शर्यतीत पहिली असली तरी.